फोनमधून काय काय बाहेर जातं: महिनाभराच्या नोंदी

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

काल रात्री सेटिंगमध्ये दुसरंच काही शोधत होते आणि गोपनीयता डॅशबोर्ड उघडला गेला. कुठल्या अ‍ॅपनं लोकेशन, कॅमेरा, माइक कधी वापरला हे तिथे वेळेसकट दिसतं. हवामानाच्या अ‍ॅपपुढे पहाटे ३:१२, ३:४२, ४:१२ अशा ओळी होत्या. फोन उशाशी होता आणि मी गाढ झोपेत. मी कुठे झोपले आहे हे दर अर्ध्या तासाला तपासण्याइतका पाऊस काही बदलत नाही.

अँड्रॉइड ११ पासून 'नेहमी अनुमती द्या' हा पर्याय समोर येणाऱ्या चौकटीत नसतो, त्यासाठी सेटिंगमध्ये जावं लागतं. म्हणजे ही परवानगी कधीतरी मीच तिथवर जाऊन दिली असणार. अ‍ॅपनं बोट धरून नेलं असेल आणि मी न वाचता दाबलं असेल. तेव्हाच ठरवलं की एकदा बसून सगळा फोन तपासायचा आणि लिहून ठेवायचं, म्हणजे दुसऱ्या कुणाला करायचं असेल तर माझा वाया गेलेला वेळ त्यांचा वाचेल.

फोन तीन वर्षं जुना, अँड्रॉइड १४. अ‍ॅप ८७. त्यातली निम्मी कशाची आहेत हे नाव वाचूनही आठवेना.

पहिली चूक पहिल्याच दिवशी झाली. रागाच्या भरात दोन तास दिसेल ती परवानगी बंद करत सुटले. नंतर लक्षात आलं की आधी काय होतं याची नोंदच नाही. आता फरक पडला की नाही हे कशाशी ताडून बघायचं? तुम्ही करणार असाल तर आधी स्क्रीनशॉट घ्या: डॅशबोर्डचे, प्रत्येक परवानगीच्या यादीचे आणि डेटा वापराच्या पानाचे. वीस मिनिटांचं काम आहे. मी ते केलं नाही, म्हणून काही गोष्टी परत चालू करून पुन्हा मोजाव्या लागल्या.

९ नोव्हेंबर

वहीत तीन रकाने आखले: अ‍ॅप, शेवटचं कधी वापरलं, याशिवाय चालेल का. तिसऱ्या रकान्यात ३१ ठिकाणी 'हो' आलं. सगळी काढून टाकली.

इथे दुसरी चूक. अ‍ॅप काढलं म्हणजे खातं मिटलं असं नाही. माझं नाव, नंबर, जन्मतारीख तिकडच्या सर्व्हरवर तशीच राहिली. खातं मिटवायचं बटण बहुतेक वेळा अ‍ॅपच्या आतच असतं, म्हणून पाच अ‍ॅप पुन्हा उतरवली, लॉगिन केलं, त्यातल्या दोन खात्यांचे पासवर्ड विसरले होते ते बदलले, मग खाती मिटवली आणि अ‍ॅप परत काढली. सगळी दुपार त्यात गेली.

संध्याकाळी सोपा रस्ता सापडला. ज्या अ‍ॅपमध्ये खातं उघडता येतं त्यांना खातं मिटवण्याची सोय वेबवरही द्यावी लागते, असा प्ले स्टोअरचा नियम आहे. अ‍ॅपच्या पानावर 'डेटा सुरक्षितता' विभागात तो दुवा असतो. आधी तिथे जायचं, खातं मिटवायचं आणि शेवटी अ‍ॅप काढायचं.

११ नोव्हेंबर

आज परवानग्या. एकेक अ‍ॅप उघडून बघण्यापेक्षा परवानगी व्यवस्थापकातून एकेक परवानगी घेतलेली बरी. 'लोकेशन' उघडलं की ते कुणाकुणाला दिलंय हे एका पानावर येतं.

लोकेशनचे माझे निर्णय असे. नकाशा आणि टॅक्सीला 'अ‍ॅप वापरताना', अचूक. हवामानाला काहीच नाही, गावाचं नाव हातानं टाकलं आणि अंदाज तसाच दिसतो. खरेदीच्या अ‍ॅपला पत्ता मी स्वतःच लिहिलेला आहे, त्याला लोकेशन कशाला? बाकी दोन अ‍ॅपना 'अचूक स्थान' बंद करून अंदाजे ठेवलं. हा पर्याय अँड्रॉइड १२ पासून आहे आणि त्यात साधारण ३ चौरस किलोमीटरच्या आतलं ठिकाण कळतं.

अंदाजे ठेवलं की निर्धास्त, असं मात्र समजू नका. २०१३ साली १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ठिकाण आणि वेळ अशा फक्त चार नोंदी पुरेशा होत्या, तेवढ्यावरून ९५ टक्के लोक बाकीच्यांपासून वेगळे ओळखता येत होते. त्या नोंदी टॉवरच्या टप्प्याइतक्याच ढोबळ आणि तासातासाच्या होत्या. रात्री कुठे असते आणि दुपारी कुठे असते, एवढ्यात माझी ओळख जवळजवळ पुरी होते. म्हणून 'अंदाजे' हा मधला मार्ग मी क्वचितच वापरला. शक्य तिथे सरळ नाही म्हटलं.

फोटोंसाठी अँड्रॉइड १४ मध्ये 'निवडक फोटो' असा पर्याय आहे. पीडीएफ करणाऱ्या अ‍ॅपला माझी सगळी गॅलरी उघडी होती, ती बंद केली. आता लागेल तेवढाच फोटो निवडून देते.

संपर्कांच्या यादीपाशी मी बराच वेळ थांबले. बाकीच्या परवानग्या देताना मी माझी माहिती देते, इथे दुसऱ्यांची देते. माझ्या फोनमधल्या ४०० जणांना कुणी विचारलेलं नाही. एका खेळाच्या अ‍ॅपला ती यादी 'मित्र शोधण्यासाठी' दिलेली होती. काढली. पण एकदा वर गेलेली यादी परवानगी काढल्यानं परत येत नाही. त्या खेळाच्या खात्यात जाऊन 'अपलोड केलेले संपर्क हटवा' असं वेगळं बटण शोधावं लागलं. ते चार पडदे आत होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. परवानगी व्यवस्थापकात सगळं दिसत नाही. 'विशेष अ‍ॅप अ‍ॅक्सेस' नावाचं वेगळं पान आहे आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीची यादी त्याहून वेगळ्या जागी आहे. सूचना वाचण्याची परवानगी या विशेष पानावर असते. ती ज्याच्याकडे आहे ते अ‍ॅप माझ्या अँड्रॉइड १४ वर येणारी प्रत्येक सूचना वाचू शकतं, म्हणजे निरोप, बँकेचे संदेश, ओटीपी असलं सगळंच. माझ्याकडे ही परवानगी एका जुन्या मनगटी पट्ट्याच्या अ‍ॅपकडे होती. पट्टा दोन वर्षांपूर्वी तुटला. अ‍ॅप मी रविवारी 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलं होतं. आज काढलं. अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी तर त्याहून मोठी, कारण पडद्यावर जे दिसतं ते वाचता येतं आणि तुमच्या वतीनं बटणंही दाबता येतात. ज्यांना दिसायला किंवा हाताळायला अडचण आहे त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे, पण बॅटरी वाचवणाऱ्या अ‍ॅपला ती मुळीच लागत नाही.

तुम्हाला फक्त एक तास मिळणार असेल तर तो या दोन पानांवर घाला. लोकेशनचं नंतर बघता येईल.

१५ नोव्हेंबर, शनिवार

परवानग्या आवरल्या तरी एक प्रश्न उरतोच. इंटरनेट वापरण्यासाठी अँड्रॉइड तुम्हाला विचारतच नाही. अ‍ॅप बसवलं की ती परवानगी आपोआप मिळते. मग कोण कुणाशी बोलतंय हे कळायचं कसं?

त्यासाठी पीसीएपीड्रॉइड बसवलं. ते मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही तपासता येतो, आणि त्याला रूट (फोनच्या सिस्टिमवर पूर्ण ताबा) लागत नाही. ते फोनमध्येच एक स्थानिक व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटच्या वाटेवरचा एक बोगदा, उभं करतं, त्यामुळे सगळी ये-जा त्यातून जाते आणि कुठल्या अ‍ॅपनं कुठल्या सर्व्हरशी किती बाइट्स बोलणं केलं हे दिसतं. बेत असा होता की शुक्रवारी रात्री ११ वाजता चालू करायचं, फोनला हात लावायचा नाही आणि सकाळी ७ वाजता बघायचं.

सकाळी बघितलं तर नोंद ११:४० लाच थांबलेली. फोनच्या बॅटरी बचतीनं पार्श्वभूमीतलं अ‍ॅप मारून टाकलं होतं. रात्र फुकट गेली. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपची बॅटरी 'अनिर्बंध' केली. आज रात्री पुन्हा.

१६ नोव्हेंबर

या वेळी आठही तास मिळाले. फोन पालथा पडून होता, तरी १९ अ‍ॅपनी बाहेर संपर्क साधला.

यातलं सगळं वाईट नाही, हे आधी सांगते. इंटरनेट चालू आहे का ते फोन स्वतः तपासतो. मेल येतो, सूचना येतात. हे बाजूला काढल्यावर उरलेल्या नावांचे तीन ढीग झाले: अ‍ॅप कोसळलं तर नोंद घेणारे, वापर मोजणारे आणि जाहिराती पुरवणारे. पीडीएफवालं अ‍ॅप मी दहा दिवसांत उघडलं नव्हतं, तरी रात्रीतून जाहिरातींच्या चार वेगवेगळ्या सर्व्हरशी त्याचं बोलणं झालं.

नावं ओळखायला वेळ लागतो. सर्व्हरच्या नावात अ‍ॅपचं नाव नसतंच. एक्सोडस प्रायव्हसी या फ्रान्सच्या ना-नफा संस्थेच्या साइटवर अ‍ॅपचं नाव टाकलं की त्यात कुठले ट्रॅकर (मागोवा घेणारे कोडचे तुकडे) बसवलेत याचा अहवाल मिळतो. तो वाचताना एक लक्षात ठेवा: अहवाल अ‍ॅपच्या आतला कोड बघून केलेला असतो. कोड आहे म्हणजे तो चालतोच असं नाही. माझ्या एका अ‍ॅपमध्ये अहवालानुसार सहा ट्रॅकर होते, पण आठ तासांत बोलले दोनच. अहवाल आणि स्वतःची नोंद, दोन्ही जवळ असली तरच नीट अंदाज येतो.

मग चार तासांचा खड्डा. सर्व्हरचं नाव दिसतं, पण आत काय पाठवलं ते दिसत नाही, कारण मजकूर कूटबद्ध (गुप्त लिपीत) असतो. तो उघडून बघायचा हट्ट धरला. मिटमप्रॉक्सी (मध्ये बसून ये-जा उघडून दाखवणारं साधन) बसवलं, त्याचं प्रमाणपत्र (समोरचा सर्व्हर खरा आहे हे पटवणारी डिजिटल खूण) फोनमध्ये घातलं, आणि निम्म्या अ‍ॅपचं इंटरनेटच बंद पडलं. कारण साधं आहे: अँड्रॉइड ७ पासून वापरकर्त्यानं घातलेल्या प्रमाणपत्रावर अ‍ॅप आपणहून विश्वास ठेवत नाहीत. हे चांगल्यासाठीच आहे, नाहीतर कुणीही असंच मध्ये बसून तुमचं सगळं वाचलं असतं. काही अ‍ॅप तर स्वतःचंच प्रमाणपत्र ओळखतात, दुसरं कुठलंही नाकारतात. रूट न करता याच्या पुढे जाणं अवघड आहे, आणि रोजच्या वापराचा फोन मी रूट करणार नाही. प्रमाणपत्र आठवणीनं काढून टाकलं. तुम्ही हा प्रयोग केलात तर हे विसरू नका, ते राहिलं तर नवंच भगदाड उघडं राहील.

१९ नोव्हेंबर

आता अडवणं. दोन मार्ग आहेत. एक ट्रॅकरकंट्रोल किंवा नेटगार्डसारखं अ‍ॅप, जे स्थानिक व्हीपीएन होऊन अ‍ॅपगणिक अडवतं. दुसरा म्हणजे 'खाजगी डीएनएस', जे अँड्रॉइड ९ पासून सेटिंगमध्येच आहे. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिच्या सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी सेवा. त्यात गाळणी लावणाऱ्या सेवेचं नाव टाकलं की जाहिरातींच्या सर्व्हरचा पत्ताच मिळत नाही.

पहिला मार्ग बारकाईचा आहे. पण अँड्रॉइडमध्ये एका वेळी एकच व्हीपीएन चालतं आणि मला कामासाठी ऑफिसचं व्हीपीएन लागतं. म्हणून दुसरा घेतला. त्यात एक गोष्ट सोडून द्यावी लागते, ती उघड सांगते: तुमचा फोन कुठल्या कुठल्या साइटचं नाव विचारतो हे आता त्या डीएनएस सेवेला कळतं. विश्वास नाहीसा होत नाही, एकाकडून काढून दुसऱ्याकडे ठेवला जातो. म्हणून त्यांचं नोंदी ठेवण्याचं धोरण वाचून मगच निवडलं.

लावल्यावर तीन दिवसांत तीन अडचणी आल्या.

ब्राउझरमध्ये जाहिराती तशाच दिसत होत्या. तासभर सेवाच बिघडली असं समजत होते. ब्राउझरचं स्वतःचं 'सुरक्षित डीएनएस' चालू होतं, त्यामुळे तो फोनच्या सेटिंगला विचारतच नव्हता. ते 'सध्याचा सेवा पुरवठादार' असं केल्यावर सुटलं.

प्रवासात एका ठिकाणी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या वाय-फायवर इंटरनेटच मिळेना. 'खाजगी डीएनएस सर्व्हर अ‍ॅक्सेस करता येत नाही' असा संदेश. खाजगी डीएनएस ८५३ या पोर्टवरून (जोडणीच्या क्रमांकित दारातून) चालतं आणि तिथे ते बंद होतं. तेवढ्यापुरतं 'ऑटोमॅटिक' केलं. परतल्यावर पुन्हा लावायला विसरले आणि दीड दिवस गाळणीविना गेला. आता फोनच्या पहिल्या पडद्यावर एक चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे.

तिसरी अडचण बिलं भरण्याच्या अ‍ॅपची. ते लॉगिनलाच अडकून फिरत बसायचं. अडवलेल्या नावांची यादी उघडून एकेक नाव मोकळं करत गेले. सातव्या नावावर चालू झालं, ते वापर मोजणाऱ्या सर्व्हरचं होतं. त्याच्याकडून होकार आल्याशिवाय पुढचा पडदा उघडायचा नाही, अशी त्या अ‍ॅपची रचना आहे. हे मला पटत नाही. त्यांना मेल लिहिला आहे. तोवर ते एक नाव मोकळं ठेवलंय.

२३ नोव्हेंबर

जाहिरात आयडी, म्हणजे जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख क्रमांक, हटवला. सेटिंगमध्ये गोपनीयतेच्या आत, जाहिरातींच्या पानावर आहे. दहा सेकंदांचं काम. हटवल्यावर अ‍ॅपनं तो मागितला तर नुसती शून्यं मिळतात.

यानं एक धागा तुटतो, सगळे नाही. प्रत्येक ठिकाणी मी तोच मोबाइल नंबर आणि तोच ईमेल दिला आहे, त्यामुळे नोंदी जोडणाऱ्याला आयडीची गरजच काय? नंबर बदलणं शक्य नाही. ईमेलसाठी उपनावं सुरू केली. नवं खातं उघडताना प्रत्येकाला वेगळा पत्ता द्यायचा, तो पुढे माझ्याच पेटीत येतो. जुनी खाती बदलायचं काम कंटाळवाणं आहे, रोज दोन करते आहे.

धाकट्या भावाकडे आयफोन आहे. म्हणाला, "ताई, माझ्याकडे हे सगळं आधीच बंद असतं." बघितलं तर 'अ‍ॅप गोपनीयता अहवाल' कधी चालूच केला नव्हता. तो आयओएस १५.२ पासून आहे, पण आपण चालू करेपर्यंत काही नोंदवत नाही. कुठल्या अ‍ॅपनं कुठल्या सर्व्हरशी संपर्क केला हे त्यात सरळ यादीनं दिसतं. अँड्रॉइडवर ज्यासाठी माझ्या दोन रात्री गेल्या ते त्याच्याकडे एका बटणावर होतं. आयओएस १४.५ पासून प्रत्येक अ‍ॅपला मागोवा घेण्याआधी विचारावं लागतं, तिथे त्यानं अकरा अ‍ॅपना 'अनुमती द्या' म्हटलेलं होतं. 'अ‍ॅपना मागोव्याची विनंती करू द्या' हेच बटण बंद केलं. या नकारानं जाहिरात आयडी मिळत नाही, सर्व्हरशी बोलणं मात्र थांबत नाही. अहवाल वाचताना हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

३० नोव्हेंबर, रविवार

फोनबरोबर आलेली अ‍ॅप. त्यांना 'अनइन्स्टॉल' नसतं, काहींना 'बंद करा' सुद्धा नसतं. संगणकाला जोडून एडीबीनं (संगणकावरून फोनला आज्ञा देण्याचं साधन) ती आपल्यापुरती काढता येतात. मूळ प्रत फोनच्या सिस्टिममध्ये राहते, म्हणून फॅक्टरी रीसेट केलं की परत येतात.

नऊ काढली. दहावं 'डॉक्युमेंट्स यूआय' नावाचं होतं. मला वाटलं फाइली बघायचं जादा अ‍ॅप असेल. काढलं. संध्याकाळी मेलला फाइल जोडायला गेले तर निवडायची खिडकीच उघडेना, मेल अ‍ॅप तिथेच बंद पडायचं. दोन तास मेल अ‍ॅपलाच दोष देत होते, त्याचा कॅशे पुसला, अपडेट काढून पाहिलं. मग वहीतली काढलेल्यांची यादी वाचली आणि कळलं. एडीबीतल्या 'इन्स्टॉल-एक्झिस्टिंग' आज्ञेनं ते परत बसवलं, मिनिटभरात सुरळीत झालं. वही नसती तर फोन रीसेट केला असता. एका बैठकीत एकच पॅकेज काढा आणि दोन दिवस वापरून बघा, दहा एकदम काढू नका.

७ डिसेंबर

आईचा फोन. माझ्या फोनवर जे केलं तेच इथे करायचं म्हणून बसले आणि आईनं थांबवलं. "मला न विचारता काही बंद करू नकोस. मला पुन्हा लावता येत नाही." बरोबर आहे. म्हणून तिच्या शेजारी बसून प्रत्येक पान दोघींनी वाचलं. माझ्या फोनच्या दुप्पट वेळ लागला आणि तो लागायलाच हवा होता.

तिच्याकडे अनोळखी नंबरचं नाव सांगणारं अ‍ॅप आहे. त्याला तिचे सगळे संपर्क दिलेले होते. मी समजावलं की ही यादी म्हणजे तुझ्या मैत्रिणींचे, डॉक्टरांचे नंबर. ती विचार करून म्हणाली, "मग माझा नंबरही कुणाच्या तरी फोनमधून तिकडे गेला असेल ना?" असेल. तिनं संपर्क बंद केले, अ‍ॅप ठेवलं, कारण फसवे फोन ओळखायला तिला त्याची मदत होते. तिचा फोन, तिचा निर्णय. खाजगी डीएनएस तिनं लावू दिलं, ते बंद कसं करायचं हे मोठ्या अक्षरात लिहून दिलं.

काल रात्री माझ्या फोनवर आठ तासांची नोंद पुन्हा घेतली. खाजगी डीएनएस चालू, बाकी तसंच, फोन पालथा. १९ च्या जागी ७ अ‍ॅप बोलली. सर्वांत जास्त फरक ३० नोव्हेंबरच्या साफसफाईनं आणि पीडीएफवालं अ‍ॅप काढल्यानं पडला, गाळणीचा क्रमांक त्यानंतर. हवामानाचं अ‍ॅप गप्प आहे.

सातांतलं एक अजून कळलेलं नाही. कीबोर्ड रात्री २ च्या सुमारास एका सर्व्हरशी ४० केबी बोलतो. कदाचित शब्दसंग्रहाचं अपडेट असेल. पण मी लिहिलेलं प्रत्येक अक्षर त्याच्यातून जातं, तिथे कदाचितवर भागणार नाही. या आठवड्यात इंटरनेटची परवानगीच न मागणारा, मराठी नीट लिहिता येणारा मुक्त स्रोत कीबोर्ड लावून बघते. जोडाक्षरं कशी जमतात ते १४ तारखेला लिहीन.